‘पुस्तकात असं नाही!’

सिनेमा पाहणाऱ्यांच्या नाना तऱ्हा असतात. कोणी नटासाठी जातं, कोणी गाण्यांसाठी, कोणी निव्वळ एसीसाठी. मध्यंतरातल्या सामोशासाठी जाणारेही माझ्या ओळखीचे आहेत. ही सगळी निरुपद्रवी मंडळी. खरी धास्ती असते ती मूळ पुस्तक वाचून आलेल्या माणसाची. बाकीचे सिनेमा बघायला येतात, हा तपासायला येतो.

आमच्या सोसायटीतले अप्पा या जातीचा अस्सल नमुना. गाव नगर, नोकरी लेखापरीक्षण खात्यात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खात्यानं त्यांना सोडलं, त्यांनी खात्याला सोडलेलं नाही. शर्टाच्या खिशाला अजून हिरव्या शाईचं पेन असतं. हॉटेलचं बिल आलं की आधी वरून खाली आणि मग खालून वर बेरीज करतात. उमेदीची वर्षं पंचायत समित्यांची दप्तरं तपासण्यात गेली, आता दिग्दर्शकांची दप्तरं तपासतात. मूळ कादंबरी ही नोंदवही आणि सिनेमा हे बिल, असा त्यांचा साधा हिशेब आहे. दोन्ही जुळलं नाही की आक्षेप लागलाच.

पिंड घडला तो मात्र नाटकांवर. मराठी माणूस ‘पुस्तकात असं नाही’ म्हणायच्या आधी ‘आम्ही मूळ संचात पाहिलंय’ म्हणायला शिकतो. ‘नटसम्राट’चा सिनेमा २०१६ साली आला, तेव्हा पडद्यावर नाना पाटेकर जीव तोडून बोलत होते आणि अप्पा खुर्चीत डोळे मिटून श्रीराम लागूंना ऐकत होते. तिकीट एका प्रयोगाचं काढलं, पाहिला दुसराच. २०१८ साली ‘तुंबाड’ लागला. अप्पा श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड पुन्हा वाचून, टिपणं काढून थिएटरात गेले. सिनेमानं कादंबरीतलं नाव तेवढं उचललं होतं. मध्यंतर झालं तरी एकही खोत येईना. शेवटी हस्तर आला. तो सिनेमा अप्पांच्या दप्तरी आजही ‘प्रलंबित’ आहे.

परदेशी भुतांच्या बाबतीत तर त्यांचा बाणा विशेष कडक. सिनेमात ड्रॅक्युला उन्हात जळून मेला की अप्पांचं पित्त खवळतं. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर भरदिवसा हिंडतो. त्याला उन्हानं मारण्याची टूम काढली ती ‘नोस्फेराटू’ या १९२२ च्या मूकपटानं. ‘अरे, त्याला ऊन चालतं! दिवसा शक्ती जरा कमी होते, एवढंच,’ असं अप्पा सांगतात तेव्हा ते घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाच्या पथ्यपाण्याबद्दलच बोलताहेत असं वाटतं.

तर अशा या अप्पांच्या तावडीत मेरी शेलीच्या कादंबरीवरचा गिलेर्मो देल तोरोचा ‘फ्रँकेन्स्टाईन’ हा सिनेमा सापडला. व्हेनिसच्या महोत्सवात तो ३० ऑगस्ट २०२५ ला दाखवला आणि ७ नोव्हेंबरला नेटफ्लिक्सवर आला. अप्पांकडे नेटफ्लिक्स नाही. दरमहाचा आवर्ती खर्च त्यांना मंजूर नाही. आमच्याकडे आहे. शनिवारी रात्री जेवणं आटोपून अप्पा, काकू आणि सुटीला आलेली त्यांची पुतणी अशी तिघं आमच्या हॉलमध्ये दाखल झाली. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगला असलेला पोरगाही ‘हॉरर आहे ना?’ म्हणत येऊन बसला. काकूंनी चिवड्याचा डबा आणला होता, अप्पांनी पुस्तक.

ते पुस्तक पाहण्यासारखं आहे. खाकी कव्हर, कण्याला चिकटपट्टी, आणि पानापानांतून डोकावणारी एसटीची जुनी तिकिटं. ऑडिटच्या दौऱ्यांत गाडीत बसून वाचलेलं ते पुस्तक, आणि खूण म्हणून हाताशी असेल ते तिकीट घातलेलं. शेवगावच्या तिकिटापाशी राक्षस डोळे उघडतो, पाथर्डीच्या तिकिटापाशी पहिला खून पडतो, जामखेडपाशी तो बापाकडे बायको करून मागतो. ही तिकिटं प्रवासभत्त्याच्या बिलाला न जोडता अप्पांनी पुस्तकात राहू दिली. साहित्यासाठी त्यांनी केलेला आर्थिक त्याग तो एवढाच.

सुरुवात बरी झाली. ‘व्हेनिसला दाखवला ती तारीख शेलीबाईंच्या वाढदिवसाची. ३० ऑगस्ट १७९७ चा जन्म. बरोबर,’ अप्पा म्हणाले. ‘राक्षस पुस्तकातही नोव्हेंबरातच उठतो. महिनाही जुळला.’ पडद्यावर उत्तर ध्रुवाकडचा बर्फ आणि त्यात अडकलेलं जहाज दिसल्यावर तर त्यांचा चेहरा उजळला. कादंबरीची चौकटही अशीच, बर्फातल्या जहाजाची. पण बहुतेक सिनेमे हा भाग गाळून थेट मुडदे उकरायला धावतात. ‘शाब्बास,’ अप्पा म्हणाले. तेवढ्यात कप्तान बोलला आणि अप्पांनी रिमोट उचलला.

‘हा अँडरसन कोण? कप्तानाचं नाव वॉल्टन. इंग्रज माणूस. बहिणीला पत्रं लिहितो, ती पत्रं म्हणजेच पुस्तक. यानं इंग्रजाचा डॅनिश केला. आणि १८५७ साल कुठून आलं? शेलीबाईंनी सतरा लिहून पुढे नुसती रेघ मारलीय. अठरावं शतक, एवढंच. १८५७ साली बाई जाऊन सहा वर्षं झाली होती. इकडे झाशीची राणी लढतेय आणि तिकडे हा मुडदे शिवतोय!’

पहिला आक्षेप नोंदवला गेला. हिरव्या शाईत.

दुसरा आक्षेप बापाबद्दलचा. राक्षस घडवणाऱ्या व्हिक्टरचे कादंबरीतले वडील सज्जन, प्रेमळ गृहस्थ. पोराला एक शब्द कठोर बोलत नाहीत. सिनेमात चार्ल्स डान्सनं रंगवलेले वडील नामांकित सर्जन आहेत आणि शरीरशास्त्राचा धडा चुकला की पोरावर छडी चालवतात. अप्पांना हे फार लागलं. ‘एका निरपराध बापाची ही बदनामी आहे. सगळा दोष बापावर ढकलायची आजकाल फॅशनच झालीय.’

‘आपल्या पोराला एकोणतीसचा पाढा कसा शिकवलात, ते आठवतंय का?’ काकूंनी चिवड्यातले शेंगदाणे निवडता निवडता विचारलं.

सिनेमा लगेच पुढे सुरू झाला.

ख्रिस्तोफ वॉल्ट्झ आला तेव्हा पुन्हा थांबला. युद्धसामग्रीचा धंदा करणारा हा हारलँडर नावाचा गडगंज इसम व्हिक्टरच्या प्रयोगाला पैसा पुरवतो. ‘हा इसम मूळ नोंदीत नाही,’ अप्पांनी जाहीर केलं. ‘आणि एवढ्या मनोऱ्याची गरज काय? पुस्तकात व्हिक्टर डॉक्टर नाही, सरदार नाही. इंगोलस्टाटला शिकणारा विद्यार्थी आहे. घराच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत त्यानं राक्षस केला. सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससी करतात तसा. शेजाऱ्यांना पत्ता नाही, खानावळीला पत्ता नाही. आणि इथे बघा, एवढा मोठा मनोरा! जादा खर्च.’

मग वीज कडाडली. अप्पा याच विजेची वाट बघत होते. कादंबरीत जीव कसा ओतला हे सांगितलेलंच नाही. एक ठिणगी, बस्स. व्हिक्टर मुद्दामच सांगत नाही, कारण ऐकणारा तोच उद्योग करून बसेल. १९१० साली एडिसनच्या कंपनीनं यावर पहिला सिनेमा काढला, त्यात राक्षस मोठ्या कढईत रसायनं शिजवून तयार होतो. यंत्रं, ठिणग्या आणि वादळ हा सगळा थाट १९३१ च्या जेम्स व्हेलच्या सिनेमानं रूढ केला, आणि तेव्हापासून जगाला वाटतं की शेलीबाईंचंच विजेचं कंत्राट होतं.

‘पण तो कुबडा कुठंय? इगॉर?’ वरच्या पोरानं विचारलं.

एखाद्या जुन्या वकिलाला स्वतःच्या हुकमी कलमावर प्रश्न यावा, तसे अप्पा फुलले. ‘इगॉर पुस्तकात नाहीच! पुस्तकात मदतनीसच नाही. १९३१ च्या सिनेमात जो कुबडा आहे, त्याचं नाव फ्रिट्झ. इगॉर येतो १९३९ साली, तिसऱ्या सिनेमात. बेला लुगोसी. आणि तोही मदतनीस नाही. फाशी देऊनही न मेलेला, मानेचं हाड मोडलेला माणूस. लोकांनी दोघांचा मिळून एक केला.’ म्हणजे राक्षस व्हिक्टरनं जोडला होता. इगॉर लोकांनी जोडला.

१९३१ च्या सिनेमाचा विषय निघाला की अप्पांना नगर आठवतंच. त्यातला राक्षस झालेला बोरिस कार्लोफ हा मूळचा विल्यम हेन्री प्रॅट. त्याच्या आजीची सख्खी बहीण अ‍ॅना लिओनोवेन्स, म्हणजे पुढे सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली आणि ‘द किंग अँड आय’मुळे जगभर पोचलेली बाई. तिचा जन्म १८३१ साली नगरला झाला. हयातभर तिनं ते लपवलं आणि आपण वेल्सच्या असल्याचं सांगितलं. ‘नगर लपवून ठेवण्यासारखं गाव आहे का?’ हा अप्पांचा त्या बाईवरचा कायमचा आक्षेप. पण कार्लोफ त्यांच्या लेखी गाववाला. त्याच्याविरुद्ध ते ब्र ऐकून घेत नाहीत. त्याच्या सिनेमानं तर पुस्तकाची निम्मी पानं गाळलीत, तरी तिथे हिरवं पेन निघत नाही.

दरम्यान पडद्यावर जेकब एलोर्डी उठून बसला होता. मेकअपला म्हणे त्याला दहा-दहा तास बसवत. अप्पांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. ‘पुस्तकात आठ फूट लिहिलंय. याची उंची किती?’

पोरानं मोबाइलवर पाहून सांगितलं, सहा फूट पाच इंच.

‘एक फूट सात इंचांची तूट,’ अप्पांनी लिहून घेतलं.

‘पण दिसायला बरा आहे हो,’ काकू म्हणाल्या.

यावर अप्पांना गप्प बसणं भाग होतं. कादंबरीतही व्हिक्टरनं राक्षसाचे अवयव सुंदर बघूनच निवडलेले आहेत. काळेभोर केस, मोत्यांसारखे दात. जोडल्यावर सगळं मिळून भयानक दिसलं, ही गोष्ट वेगळी. शिवाय पुस्तकातला हा गृहस्थ शाकाहारी आहे. कोकरू मारून खात नाही, रानातल्या बियांवर आणि फळांवर भागवतो, असं तो स्वतःच सांगतो. वाचनही दांडगं: मिल्टन, प्लुटार्क, गटे. जगातला सगळ्यात गाजलेला राक्षस शाकाहारी आणि बहुश्रुत आहे, ही बाब अप्पा सोसायटीच्या वार्षिक सभेतही सांगून चुकले आहेत. विषय पाण्याच्या टाकीचा होता.

चहाला थांबलो. चहाबरोबर अप्पांकडून पुस्तकाची जन्मकथा मिळते. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख आभाळभर पसरली आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी लॉर्ड बायरननं बंगला घेतला होता. पाऊस थांबेना, बाहेर पडता येईना. मग बायरननं टूम काढली की प्रत्येकानं एकेक भुताची गोष्ट लिहायची. बायरन आणि शेली हे दोन नामांकित कवी, दोघांनीही अर्ध्यात सोडून दिली. पुरी केली ती अठरा वर्षांच्या मेरीनं आणि बायरनच्या डॉक्टरनं. डॉक्टर पॉलिडोरीनं तिथलाच धागा धरून रक्तपिपासू सरदाराची कथा लिहिली, आणि त्याच वंशात पुढे ड्रॅक्युला जन्मला.

‘आपल्याकडे लाइट गेले की हेच करायचो की आम्ही,’ काकू म्हणाल्या. ‘फक्त कोणी लिहून ठेवलं नाही.’

चहा झाल्यावर आमच्या हिनं अगदी सहज विचारलं, ‘आता तो फ्रँकेन्स्टाईन त्या आंधळ्या म्हाताऱ्याला मारणार का?’

हॉलमध्ये शांतता पसरली. हे वाक्य अप्पांसमोर कोणी बोलत नाही. फ्रँकेन्स्टाईन हे बनवणाऱ्याचं आडनाव. बनलेल्याला पुस्तकात नावच नाही. वर्तमानपत्रात कोणी एखाद्या पुढाऱ्याला ‘पक्षानं उभा केलेला फ्रँकेन्स्टाईन’ म्हटलं की अप्पा संपादकांना पत्र लिहितात. आपल्या संपादकांनी ‘भस्मासुर’ लिहिलं तरी त्यांना ते पटत नाही. ‘भस्मासुर वर मिळाल्यावर उलटला. याला कोणी वर दिला? याला तर जन्मल्या जन्मल्या टाकून दिला. तुलना करायचीच तर जरासंधाशी करा. दोन अर्धी शकलं, जरा राक्षसीनं सांधली. पण तिनं निदान त्याला उचलून राजाकडे नेऊन दिलं, म्हणून तिचं नाव त्याला लागलं. या पोराला बापानं नावसुद्धा दिलं नाही. आणि तुम्ही बापाचं आडनाव त्याला खुशाल चिकटवता!’

‘मग काय चुकलं?’ काकू म्हणाल्या. ‘बापानं टाकला म्हणून आडनाव का जातं? आपल्याकडे मुलगा बापाचंच नाव लावतो. त्यानं नाही दिलं, लोकांनी दिलं. बरंच केलं.’

अप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दोनशे वर्षांचा वाद काकूंनी मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर मिटवला होता.

पुढचा आक्षेप गंभीर होता. कादंबरीत राक्षस व्हिक्टरच्या लहानग्या भावाला मारतो, जिवलग मित्राला मारतो, लग्नाच्या रात्री त्याच्या बायकोला मारतो. एक निष्पाप मुलगी खोट्या आरोपावर फासावर जाते. सिनेमात धाकटा भाऊ चांगला मोठा झालाय आणि एलिझाबेथचं लग्न त्याच्याशीच ठरलंय. आणि तिला गोळी लागते ती व्हिक्टरच्या हातची. ‘म्हणजे खून झाला तो झालाच, पण खर्ची पडला दुसऱ्याच खात्यावर,’ अप्पा म्हणाले. ‘वर्गीकरणाची चूक. अशा चुकीला आम्ही कधी माफी दिली नाही.’

इतका वेळ गप्प बसलेल्या पुतणीनं इथे मान वर केली. ती इंग्रजी वाङ्मय घेऊन एमए करते. ‘अप्पाकाका, एलिझाबेथ व्हिक्टरची नात्यानं कोण लागते?’

‘कोणी नाही. अनाथ मुलगी. मिलानच्या सरदाराची. शेतकऱ्याच्या घरी वाढत होती, तिथून यांनी आणली.’

‘मग तुमचं पुस्तक १८३१ चं. १८१८ च्या पहिल्या आवृत्तीत ती त्याची आतेबहीण आहे.’

‘आत्याची मुलगी?’ काकू दचकल्या. ‘मामाची चालते, आत्याची कशी चालेल?’

‘शेलीबाईंनी स्वतःच बदललं ते,’ पुतणी म्हणाली. पहिली आवृत्ती १ जानेवारी १८१८ ला, लेखिकेचं नाव न घालता, अवघ्या ५०० प्रतींची निघाली. १८३१ साली बाईंनी पुस्तक पुन्हा हातात घेऊन दुरुस्त्या केल्या. नाती बदलली, व्हिक्टरच्या हातातलं बरंचसं नशिबाच्या हाती दिलं. ‘त्यामुळे मूळ पुस्तक म्हणताना कुठलं, हे आधी सांगावं लागतं.’

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची सुधारित अंदाजपत्रकं पकडली, तो स्वतःच मूळ अंदाजपत्रक समजून सुधारित घेऊन बसला होता. अप्पांनी पुस्तक उघडलं, शेवगावचं तिकीट बाजूला केलं, पहिलं पान पाहिलं, पुस्तक मिटलं आणि रिमोट न उचलता सिनेमा पाहू लागले. रात्रीत प्रथमच.

त्यामुळे शेवट आम्ही सलग पाहिला. कादंबरीत व्हिक्टर माफी न मागता मरतो, राक्षस त्याच्या प्रेतापाशी आक्रोश करतो आणि स्वतःची चिता रचायचं सांगून बर्फाच्या तुकड्यावरून अंधारात जातो. देल तोरोच्या सिनेमात बाप मरण्यापूर्वी त्याला मुलगा म्हणून हाक मारतो, क्षमा मागतो, आणि मुलगा क्षमा करतो. ज्या जहाजावर तो चाल करून आला होता, तेच जहाज मग तो एकटा ढकलून बर्फातून सोडवतो. या शेवटाची सगळी तयारी सिनेमानं त्या छडीवाल्या बापापासून केली होती. बाप बदलला म्हणून मुलगा बदलला, मुलगा बदलला म्हणून खून वेगळ्या खात्यावर गेला, आणि म्हणून क्षमा करता आली. अप्पांनी वेगवेगळे मांडलेले आक्षेप खरं तर एकाच नोंदीचे होते. नामावळी सरकू लागल्यावर ते म्हणाले, ‘पुस्तकात असं नाही.’ आणि चप्पल घालताना, ‘पण हिशेब जुळतो.’ लेखापरीक्षकाच्या तोंडून यापेक्षा मोठी दाद मिळत नाही.

अप्पा सुधारले असा समज करून घेऊ नये. त्यांनी त्याच आठवड्यात १८१८ ची आवृत्ती मागवली. आता दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळ ओळ ताडून पाहणं चालू आहे, आणि हिरवं पेन सध्या खुद्द मेरी शेलीच्या मागे लागलंय. जुनी प्रत वरच्या मजल्यावरचा पोरगा तिकिटांसकट घेऊन गेला. त्याला इगॉरची खात्री करून घ्यायचीय. आमच्या हिनं मराठी अनुवाद मिळतो का, याची चौकशी सुरू केलीय. नुसता सिनेमा बघितला असता तर आम्ही ‘छान होता, जरा लांब होता’ म्हणून झोपलो असतो. दोघांना पुस्तकाकडे वळवलं ते अप्पांच्या कटकटीनंच.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असा कोणी असेल तर त्याला टाळू नका. पुस्तकावरचा सिनेमा लागला की हक्कानं बोलवा, चहा पाजा, चिवडा द्या, त्याचे आक्षेप ऐकून घ्या. फक्त रिमोट आपल्या हातात ठेवा.